तांबोळी सरांचा अर्धा तास

तांबोळी सर ‘बसवतात’, असं आमच्या कॉलेजात म्हणत. एमडीला नवीन आलेल्या मुलांना सीनियर पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवत, “डेटा घेऊन तांबोळींकडे जाशील तेव्हा जेवून जा. ते बसवतात.” मुलं घाबरत घाबरत जात आणि तिथे अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट घातलेला एक सडपातळ गृहस्थ अदबीने उठून म्हणे, “या, बसा.” आवाज चढवणं नाही, कपाळाला आठी नाही. पण पुढचा अर्धा तास खरोखरच बसावं लागे.

सर डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्राचे एमएस्सी होते. मेडिकल कॉलेजात डॉक्टर नसलेल्या माणसाला जी जागा मिळते ती त्यांना मिळाली होती. आमच्या सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विभागात एक छोटं संग्रहालय आहे. आदर्श विहीर, आदर्श संडास, डासांच्या बाटल्या, डाळींच्या बरण्या. तपासणीला समिती आली की ते झाडतात आणि एरवी विसरतात. त्याच्या एका कोपऱ्यात प्लायवूडची फळी मारून सरांना खोली काढून दिली होती. त्यामुळे सरांकडे जायचं म्हणजे आदर्श विहिरीला वळसा घालून जावं लागे. “आमच्याकडे येणारे लोक आधी आदर्श बघतात, मग मला,” सर म्हणायचे. हा त्यांचा एकमेव विनोद, आणि तो ते दरवर्षी नव्या बॅचला एकदाच करत.

बसवायची त्यांची रीत ठरलेली होती. तुम्ही आकडे घेऊन गेलात की मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून ते टेबलावर ठेवायचे. मग तक्ता उघडायचा आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायची. वाचता वाचता मध्येच थांबून एकच प्रश्न विचारायचा, “यातल्या एका माणसाबद्दल सांगा.” तुम्हाला सांगता आलं तर ठीक. नाही आलं तरी ते काही बोलत नसत. फक्त पुढची ओळ जरा हळू वाचत. ते हळू वाचणं फार लागायचं.

मी स्वतः एमडीला असताना पहिल्यांदा त्यांच्यापुढे बसले तेव्हा सतराव्या ओळीवर ते थांबले.

“वय चव्वेचाळीस, वजन चार किलो,” सर म्हणाले.

“टायपिंगची चूक आहे सर. चौपन्न असेल.”

“असेल?”

“म्हणजे… आहे. चौपन्नच टाका.”

“मी कसा टाकू? मी कुठे बघितलंय त्या बाईंना? तुम्ही बघितलंय. एकदा जाऊन या.”

त्या बाई लोणी काळभोरच्या पुढे एका वस्तीवर राहत होत्या. एका आकड्यासाठी मी कोथरूडहून दोन बस बदलून, वजनकाटा काखेत मारून गेले. मनातल्या मनात सरांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. बाई गोठ्यापाशी होत्या. मला बघून म्हणाल्या, “पुन्यांदा आलीस व्हय? वजन हाय तेवढंच हाय माझं. त्येला काय झालंय?” काट्यावर उभ्या राहिल्या. एकेचाळीस भरलं. चौपन्न नव्हतं, तेराने कमी होतं. चव्वेचाळीस वर्षांची बाई एकेचाळीस किलोची आहे, हे मी माझ्या अंदाजाने झाकून टाकणार होते. परत येऊन आकडा सांगितला, तेव्हा सरांनी तो लिहून घेतला आणि विचारलं, “चहा दिला का त्यांनी?” दिला होता. “मग झालं,” म्हणाले आणि अठरावी ओळ वाचायला लागले.

आता बसवण्यातला खरा अडचणीचा भाग. सरांचा नियम असा, की पेपरवर ज्याचं नाव जाणार त्या प्रत्येकाने अर्धा तास बसायचं. काम कुणी केलं, किती केलं, असलं ते कधीच विचारत नसत. नावांची यादी बघत आणि म्हणत, “बरं. यांना पाठवून द्या. अर्धा तास.” आता, मेडिकल कॉलेजातल्या पेपरवर कुणाची नावं असतात ते सगळ्यांना माहीत आहे. काम करतो पीजी, म्हणजे एमडीचा विद्यार्थी. त्याच्यावर नजर ठेवतो एखादा लेक्चरर. मग विभागप्रमुखांचं नाव जातं, कारण ते विभागप्रमुख आहेत. कधी डीनचं जातं, कारण ते रागावतील. कधी शेजारच्या विभागातल्या मित्राचं जातं, कारण गेल्या वेळी त्याने आपलं घातलं होतं. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. लग्नाच्या पत्रिकेत खाली काका-मामांची नावं छापतात तशी ती छापायची. त्या काका-मामांना अर्धा तास अक्षता निवडायला कोण बसवणार?

आमचे तेव्हाचे विभागप्रमुख, त्यांना सगळे मोठे सर म्हणत, मनाने वाईट नव्हते. “सर, तुमचं नाव घालते,” असं म्हटलं की “घाल, घाल” म्हणायचे. नाही म्हटल्याने समोरच्याला वाईट वाटेल, अशीही त्यांची एक समजूत होती. त्यांच्या नावावर शंभराच्या वर पेपर होते आणि त्यातले पाचही त्यांनी वाचले नसावेत. एकदा मात्र ते तांबोळी सरांकडे बसले. हा माणूस काय करतो ते बघू, अशा थाटात आले, आदर्श विहिरीला वळसा घातला आणि खुर्चीत बसले. सरांनी घड्याळ काढून ठेवलं. तेरा मिनिटं झाली असतील. मोठ्या सरांचा फोन वाजला. ते बाहेर जाऊन बोलून आले, तोपर्यंत तांबोळी सर हाताची घडी घालून बसले होते.

“हं, कुठे होतो आपण?” मोठे सर म्हणाले.

“आपण बाहेर होतात,” तांबोळी सर अत्यंत नम्रपणे म्हणाले. “सतरा मिनिटं राहिलीत.”

मोठे सर सतरा मिनिटं बसले, हे मला आजही विशेष वाटतं. पण पुन्हा कधी आले नाहीत. ते येत नाहीत म्हटल्यावर त्यांचं नाव असलेला कुठलाच पेपर तांबोळी सरांकडे जाईना. शहरात संख्याशास्त्राची कामं करून देणारी माणसं मिळतात. फाइल मेलवर पाठवायची, दोन दिवसांत तक्ते हजर. कुणाला बसायला नको, की कुणी कुणाबद्दल विचारायला नको. हळूहळू विभागातले पेपर तिकडे गेले आणि सरांकडे उरले ते बिनवजनाचे पीजी आणि नर्सिंगच्या मुली.

तरीसुद्धा सरांनी निदान पन्नासएक पेपरांचं काम केलं असेल. त्यांचं नाव त्यात शेवटच्या परिच्छेदात असे. ‘सांख्यिकी साहाय्याबद्दल श्री. तांबोळी यांचे आभार.’ छापील प्रत त्यांना कुणी आणून दिलीच तर ते तो परिच्छेद बघत नसत. तक्ते बघत. एक आकडा जरी छपाईत इकडचा तिकडे झाला असला तरी पेन्सिलीने खूण करून ठेवत. ती चूक कुणी दुरुस्त करणार नव्हतं आणि कुणी वाचणारही नव्हतं. मी एकदा म्हटलं, “सर, तुमचं नाव वर यायला हवं. तुम्ही बसवून सगळा पेपर सरळ करता.” त्यावर सर म्हणाले, “मी मागितलं तर मिळेल, डॉक्टर. पण मागितलेलं नाव बघायला बरं वाटत नाही.” त्यांचं हे म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. आता पूर्ण पटत नाही. न मागणाऱ्याला आमच्याकडे कुणी देत नाही, हे त्यांना समजायला हवं होतं.

सर खडकीचे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते आणि सरांचं बालपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं. पुढे स्टेशनजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. रोज लोकलने शिवाजीनगरला उतरून बस धरायचे. पत्नी लवकर गेल्या. मुलगी आफरीन, तिला वाढवलं, शिकवलं. घराबद्दल सर एवढंच बोलत. वडिलांबद्दल मात्र एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. कारखान्यात जो पेटी तपासेल त्याचा नंबर पेटीवर पडायचा. वडील घरी आले की हात धुऊन जेवायला बसत आणि जेवताना मध्येच थांबत. आज नंबर टाकलेली एखादी पेटी नीट बघितली होती ना, हे आठवत बसत. “आमच्या घरात पोळी थंड व्हायची ती त्यामुळे,” सर म्हणाले.

सरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती काही फार मोठी नव्हती. त्यांना एक वर्ग हवा होता. पहिल्या वर्षाच्या पीजींना आकडे कसे गोळा करायचे, माणूस कसा बघायचा, चार किलोची बाई सापडली तर काय करायचं, हे थिसिस सुरू होण्याआधी शिकवणारा सहा आठवड्यांचा वर्ग. त्यांनी तो अकरा फुलस्केप पानांवर लिहून काढला होता. पण असा वर्ग चालवायचा अधिकार सहयोगी प्राध्यापकाला. सर बावीस वर्षं सहायक होते. बढतीला, पहिल्या तीन लेखकांत आपलं नाव असलेले दोन पेपर लागत. सरांकडे एक होता, ऐन तरुणपणी कॉलेजच्याच त्रैमासिकात आलेला. ते त्रैमासिकही कधीच बंद पडलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना जागा निघाली. ही गेली की पुढची त्यांच्या नोकरीत निघणार नव्हती, हे सगळ्या विभागाला माहीत होतं.

तोवर मी त्याच विभागात शिकवत होते आणि त्याच सुमाराला माझा एक पेपर छापायला जात होता. लोणीच्या वस्त्यांवरच्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावरचा. दोन वर्षं राबले होते मी त्यावर. सहा नावं होती, त्यातल्या तिघांनी काम केलं होतं. मोठ्या सरांचं नाव होतं, तेव्हा अर्थातच मी तो तांबोळी सरांकडे नेला नव्हता. बाहेरच्या माणसाकडून तक्ते करून घेतले होते आणि सर कॉरिडॉरमध्ये भेटले की विषय बदलत होते. मग एके दिवशी मला वाटलं, मी सहावं नाव डीनचं कशाला घालतेय? त्यांच्या जागी सरांचं घालू. दुसऱ्या क्रमांकावर. माणसाला वर्ग मिळेल. यात कुणाचं काय जातंय?

जर्नल प्रत्येक लेखकाला मेल पाठवून संमती विचारतं. सरांचा स्वतःचा मेल नव्हता. ते विभागाचाच वापरत, आणि त्याचा पासवर्ड ऑफिसातल्या फळ्यावर खडूने लिहिलेला असे. मी मेल उघडला. ‘या लेखात माझा सहभाग आहे’ यापुढच्या चौकोनात सरांच्या वतीने टिचकी मारली. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. एखाद्याला न कळू देता त्याचं भलं करतोय असं वाटलं होतं.

पेपर छापून आला की ऑफिस त्याचं पहिलं पान सूचनाफलकावर लावतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सर माझ्या केबिनमध्ये आले. हातात पेपरची प्रत. समोरच्या खुर्चीत बसले, घड्याळ काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“डॉक्टर, मला बसवा,” ते म्हणाले.

मला आधी कळेना. मग कळलं.

“सर, मी तुम्हाला सांगणारच होते…”

“सांगा नंतर. आधी वाचा. पहिला तक्ता.”

मी वाचायला लागले. स्वतःचाच पेपर मी मोठ्याने कधी वाचला नव्हता. तिसऱ्या तक्त्यात आल्यावर सर म्हणाले, “थांबा. आता मला विचारा.”

“काय विचारू?”

“यातल्या एका माणसाबद्दल सांगा, असं.”

मी विचारलं नाही. “मला सांगता आलं नसतं,” सर म्हणाले. “वाचा पुढे.”

अर्धा तास पुरा झाला. सरांनी घड्याळ मनगटाला बांधलं. “पेपर चांगला आहे. आकडे जुळतात. एक नाव जास्त आहे.”

एकच नाही, तीन जास्त आहेत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण सर स्वतःच्या नावापुरतंच बोलत होते. मी मग सगळं बोलून टाकलं. जागा निघालीय, मुलाखत तीन आठवड्यांवर आहे, या एका नावाने वर्ग मिळेल, पन्नास पेपरांत तुमचं नाव हक्काचं असून कुणी घातलं नाही, एकात बिनहक्काचं आलं तर कुठे काय बिघडलं? बोलताना माझा आवाज चढला होता. सर ऐकत होते.

“तुम्ही माझ्यासाठी केलंत, हे कळतंय मला,” ते म्हणाले. “मला रागसुद्धा येत नाही, बघा. मोह होतोय. म्हणून तर लगेच आलो. उद्यावर टाकलं असतं तर आलो नसतो.”

त्यांनी खिशातून एक कागद काढला. नाव वगळावं असं जर्नलला लिहिलेलं पत्र. सहा जणांच्या सह्या लागणार होत्या, सरांनी आपली केली होती. “पत्रव्यवहार तुमच्या नावाने आहे. जर्नल तुमच्याशीच बोलणार. तेव्हा पाठवायचं काम तुमचं.”

मी ते पत्र खणात ठेवलं आणि पाठवलं नाही. तीन आठवडे जाऊ देत, मुलाखत होऊ दे, मग पाठवू. जर्नलला पत्र मिळायला उशीर झाला तर आकाश कोसळणार नव्हतं. पेपर सरांच्या फाइलला ऑफिसने आपणहून जोडला होता. सर काही बोलणार नाहीत, अशी मला आशा होती.

मुलाखतीच्या दिवशी सरांनी शर्टावर टाय लावला होता. अकरा पानं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली होती. आत काय झालं ते मला आमच्या विभागाच्या क्लार्क बाईंनी सांगितलं, त्या फाइली द्यायला आत होत्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी वर्गाबद्दल विचारलं. सर दहा मिनिटं त्यावर बोलले आणि सगळे ऐकत होते. तज्ज्ञ खूश झाले. मग फाइल चाळत म्हणाले, “हा तुमचा ताजा पेपर वाचलाय मी. उत्तम आहे. याबद्दल सांगा जरा.”

“चांगला पेपर आहे,” सर म्हणाले. “मीही वाचलाय. पण मी केलेला नाही.”

समितीतले एक जण हसले. त्यांना तो विनोद वाटला. मग कुणीच हसेना. जागा दुसऱ्याला गेली. त्याच्या नावावर एकोणीस पेपर होते आणि तो वर्ग त्याने एकदाही घेतला नाही.

आणि मी? त्याच वर्षी मी प्राध्यापक झाले. लागणाऱ्या पेपरांत तो रक्तक्षयाचा होताच. मोठ्या सरांनी पेढे वाटले. तांबोळी सरांनी एक पेढा घेतला आणि मनापासून अभिनंदन केलं. पत्राचं काय झालं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही. आता पाठवलं तर इतके दिवस का थांबलात असं जर्नल विचारेल, या भीतीने मी आणखी थांबले. मग थांबल्याला एक वर्ष झालं, मग दोन. खण उघडताना मी तो कागद हाताने बाजूला सारत असे. माणसाला कशाचीही सवय होते, लाजेचीसुद्धा.

सर निवृत्त झाले तेव्हा शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं रीतसर झालं. मोठे सर आधीच निवृत्त झाले होते, पण पाहुणे म्हणून आले आणि ‘तांबोळींसारखा सहकारी’ असं काहीतरी बराच वेळ बोलले. समारंभ संपल्यावर मी सरांबरोबर संग्रहालयात गेले. ते खणातल्या पेन्सिली गोळा करत होते. तिथे मी सांगितलं. पत्र पाठवलं नाही म्हणून.

“माहितेय,” सर म्हणाले.

“तुम्ही बोलला नाहीत.”

“तुम्हाला सांगून झालं होतं.” त्यांनी पेन्सिली रबराने बांधल्या. “आफरीनने मागे एकदा मोबाइलवर माझं नाव टाकून बघितलं. एकच पेपर निघाला. तोच. तिने सासरी सगळ्यांना पाठवला. खडकीत दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं. मशिदीबाहेर एकाने मिठी मारली.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? पेपर चांगला आहे म्हणालो.”

मी त्यांच्या त्या लाकडी खुर्चीत बसले. पन्नास पेपरांत हा माणूस कुठेच नव्हता, आणि जिथे तो होता ते मी केलं होतं. मी रडले, हे लिहायला हवं. सरांनी मला रडू दिलं. ‘असू द्या’ वगैरे काही म्हणाले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं. असू देण्यासारखं नव्हतंच ते.

दुसऱ्या दिवसापासून मी सह्यांच्या मागे लागले. दोघे तेव्हाचे पीजी गावोगाव पांगले होते, त्यांनी मेलवर दिल्या. एक जण परदेशी होता, त्याने महिना लावला. मोठे सर कोथरूडला माझ्याच सोसायटीच्या मागे राहतात. मी कागद पुढे केला तर चष्मा शोधत म्हणाले, “कुठे करू?”

“इथे. सर, वाचता का एकदा?”

“कशाला? तू आणलायस ना?” सही करून कागद परत देताना त्यांनी विचारलं, “पेपर कुठला हा? चांगला आहे का?”

“चांगला आहे,” मी म्हटलं. त्यांच्यावर रागवायचंसुद्धा मला त्राण उरलं नव्हतं. शिवाय त्यांच्यावर रागवायला मी कोण? त्यांनी निदान कधी दुसऱ्याच्या मेलवर टिचकी मारली नव्हती.

पाच महिन्यांनी जर्नलने दुरुस्ती छापली. चार ओळींची. ती घेऊन मी खडकीला गेले. ती आमची शेवटची भेट. पुढच्या थंडीत सर गेले, पण त्या दिवशी तसं काही वाटलं नव्हतं. थोडे वाळले होते, एवढंच. आफरीन माहेरी आलेली होती. तिने शिरखुर्मा दिला. सरांनी चष्मा लावून चार ओळी वाचल्या, पेपराचं नाव, पान क्रमांक, सगळं ताडून पाहिलं. चूक सापडली नाही.

“झालं बरं का,” ते आत बघून म्हणाले.

आफरीन मोबाइल घेऊन बाहेर आली. तिला सगळं माहीत झालं होतं. सरांनीच सांगितलं होतं. तरी तिने पुन्हा एकदा नाव टाकून बघितलं असावं. “अब्बा, आता काहीच येत नाहीये,” ती म्हणाली. तिचा आवाज साधा ठेवायचा ती प्रयत्न करत होती.

“नाही येणार,” सर म्हणाले. “बरोबर आहे ते.”

खाली स्टेशनात लोकल येऊन गेली. मी ज्यासाठी आले होते ते अजून राहिलंच होतं. तोपर्यंत मी विभागप्रमुख झाले होते आणि माझ्या हातात निदान एक गोष्ट होती. “सर, तो वर्ग मी सुरू करते. तुमची ती पानं मला द्याल?”

सर उठले, कपाटातून फोल्डर काढलं. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. द्यायच्या आधी त्यांनी खिशातलं पेन काढलं, पहिल्या पानावर, वर, स्वतःचं नाव लिहिलं. सावकाश, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

“यावर हे नाव राहू द्या, डॉक्टर. हे मी केलंय.”

“राहील सर. आणि शिकवणार म्हणून खाली माझं…”

“तुमचंही घाला की,” ते म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून शिरखुर्म्याच्या वाटीशेजारी ठेवलं, पहिलं पान समोर घेतलं आणि मला खुर्ची पुढे ओढायची खूण केली.

“बसा. अर्धा तास.”